घरात गणपती नाही, पण ख्रिसमस ट्री आहे. हे कसं?

कोलशेतकर | २१ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण घरात हरलोय.

मी नास्तिक. कॉलेजातल्या हौसेचा नव्हे, चाळिशी ओलांडलेला, विचार करून झालेला. वडील होते तोवर आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती यायचा. आरतीला मी मागे उभा राहून टाळ्या वाजवायचो, तेवढंच. वडील गेले त्या वर्षी मी सांगून टाकलं, माझ्या हातून प्राणप्रतिष्ठा होणार नाही, विश्वास नसताना करणं ही फसवणूक. धाकट्या भावाने गणपती डोंबिवलीला नेला. आई तेव्हा एक अक्षर बोलली नाही. दोन वर्षं झाली.

आता परवाचं. लेक तिसरीत आहे, तिला ख्रिसमस ट्री हवं होतं. जांभळी नाक्यावरून तीन फुटी प्लॅस्टिकचं आणलं, साडेसहाशेला. मग चांदणी हवी. माळ्यावरून दिवाळीच्या कंदिलाची वायर नि होल्डर काढला, त्यावर कागदी चांदणी बसवली. मी स्टुलावर उभा, दातात चिकटपट्टी. आई खाली मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दीड दिवसाच्या गणपतीला घरात जागा नव्हती. हे झाड बरं मावलं."

स्टुलावरून उतरेपर्यंत उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

तर प्रश्न: तुमच्यातले जे देव न मानणारे आहेत, ते नाताळ करतात का? करत असाल तर तो चालतो आणि आपला सण चालत नाही, हे कसं बसवता? "लेकीसाठी" आणि "आता तो जागतिक सण आहे" ही दोन उत्तरं आईने आधीच उडवून लावली आहेत. लेक गणपतीतही नाचायची, असं तिचं म्हणणं. आणि ते खरं आहे.

चहाबाज | रात्री १०:५१

पहिला! मक्याच्या लाह्या घेऊन बसलोय. धागा शतक मारणार.

नास्तिकबुवा | रात्री ११:०७

सोपं आहे. नास्तिकाने कुठलाच सण करू नये. मी करत नाही. दिवाळीत घरी कंदील नाही, नाताळात केक नाही, संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तर घेतो, पण गोड बोलायचं वचन देत नाही. आईसाहेबांचा मुद्दा बिनतोड आहे. झाड परत करा.

लवंगीमिरची | रात्री ११:१५

@नास्तिकबुवा, रविवारी सुट्टी घेता की नाही? तीही मूळची चर्चचीच.

नास्तिकबुवा | रात्री ११:२२

ती कामगार चळवळीची आहे. नारायण मेघाजी लोखंडे, १० जून १८९०. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी त्यांनी झगडून मिळवून दिली. ठाण्यात जन्मलेला माणूस आहे, ठाणेकरांना तरी ठाऊक असावं.

लवंगीमिरची | रात्री ११:२६

आणि लोखंड्यांनी रविवारच का मागितला? खंडोबाचा वार म्हणून! म्हणजे तुमच्या सुट्टीच्या एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला जेजुरी. आता सोमवारी सुट्टी घ्या बघू.

चहाबाज | रात्री ११:२८

ठो! सोमवार महादेवाचा. बुवा आता सात दिवस कामावर.

विदा_कुठाय | २२ डिसेंबर, सकाळी ७:३०

रोचक धागा. थोडी माहिती टाकतो, कारण सगळे "नाताळ म्हणजे ख्रिस्ती धर्माचा सण" हे धरूनच बोलताहेत.

बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच नाही. २५ डिसेंबरची जुनी नोंद मिळते ती इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात. पूर्वेकडची काही चर्च आजही ७ जानेवारीला नाताळ करतात. झाड सजवायची पद्धत जर्मन लोकांची.

आणि सणाला विरोध कुणी केला? नास्तिकांनी नव्हे, कट्टर ख्रिस्त्यांनी. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला, तो १६८१ पर्यंत होता. बायबलात नसलेला, खाण्यापिण्याचा, धांगडधिंग्याचा सण म्हणून. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली.

उलटं उदाहरण रशियाचं. बोल्शेविकांनी धार्मिक म्हणून झाड हद्दपार केलं, आणि १९३५ च्या शेवटी तेच झाड परत आणलं, "नववर्षाचं झाड" म्हणून. मुलांना झाड हवं होतं. कोलशेतकर, मुलांच्या हट्टापुढे स्टॅलिनचं सरकारही टिकलं नाही, तुम्ही कोण?

अमेरिकेत २०१३ मध्ये प्यू रिसर्चने पाहणी केली होती. ख्रिस्ती नसलेल्यांपैकी ८१ टक्के लोक नाताळ साजरा करतात असं निघालं. तिथल्या हिंदूंपैकीही सुमारे तीन चतुर्थांश. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

नास्तिकबुवा | सकाळी ७:५८

८१ टक्के लोक चुकत असतील तर ती चूक ८१ टक्क्यांची होते, बरोबर होत नाही.

आजीचा_डबा | सकाळी ९:१०

सगळं सोडा. केक कोण करतंय? मनुका, काजू, बेदाणे मी दिवाळीनंतर लगेच रममध्ये भिजत घातलेत. रच्याकने (म्हणजे बाय द वे), बेकरीच्या केकमधली ती लाल-हिरवी टुटीफ्रुटी कच्च्या पपईची असते हे किती जणांना माहीत आहे? आमच्या ह्यांना सांगितल्यापासून ते वेचून काढतात.

लवंगीमिरची | सकाळी ९:१४

रममध्ये भिजवलेल्या मनुका ह्यांनी वेचून काढल्या नाहीत वाटतं? (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तर्कटराव | सकाळी १०:४०

विदा_कुठाय यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण, पण बगल देणारा. मॅसॅच्युसेट्समध्ये काय झालं याने घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधलं झाड समजत नाही.

आपल्याकडे नाताळ धर्माचा सण म्हणून आलाच नाही, इंग्रजीचा सण म्हणून आला. आधी कॉन्व्हेंट शाळा, मग कंपनी, मग मॉल. पोराला इंग्रजी शाळेत घातलं की सांता आपोआप घरी येतो. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून भेटवस्तू देतात, त्यात नाही म्हणणारा तुसडा ठरतो. माझ्या लहानपणी नौपाड्याच्या चाळीत "नाताळची सुट्टी" असायची, नाताळ नसायचा. सुट्टीत आम्ही पतंग नि क्रिकेट.

हे नाकारणाऱ्यांना साधी कसोटी देतो. "सगळे सण माणसांचे, मजा सगळ्यांची" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जण ईदला राबोडीत कुणाच्या घरी शीरखुर्मा खायला गेलात? किती जणांच्या मुलांनी बुद्धपौर्णिमेला खीर वाटली? कुणाच्या गॅलरीत ईदचा चंद्र टांगलाय? मग चांदणीच का? चांदणीला मॉल आहे म्हणून.

चहाबाज | सकाळी १०:४४

आता कसं, मजा यायला लागली.

प्राजक्त | सकाळी ११:३०

तर्कटरावांशी निम्मी सहमत. शीरखुर्मा मी दर वर्षी खाते, वरच्या मजल्यावरून डबा येतो. पण हो, डबा माझ्याकडे येतो, मी सजावट करत नाही. तो फरक मी आजवर पाहिला नव्हता.

कोलशेतकरांना एक विचारायचं आहे. रागावू नका. तुमच्याकडे गणपतीला मोदक कोण वळायचं? आदल्या दिवशी भांडी कोण घासायचं? दीड दिवसात किती माणसं जेवून जायची, त्यांच्या ताटांखालून हात कुणाचा फिरायचा?

मी माझ्या सासरचं सांगते. गणपतीला एकवीस मोदक नैवेद्याचे, पण प्रत्यक्षात शंभर. सोवळ्यातला स्वयंपाक. पाळी आली तर एका खोलीत बसायचं नि बाकीच्यांनी कुजबुजायचं. लग्नानंतर तीन वर्षं मी गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलली. नाताळात काय करावं लागतं? बेकरीत फोन. केक येतो, कापतो, खातो, खोका टाकतो. सणात पाप-पुण्य नाही, चुकलं तर कोप नाही, सासूबाईंना त्यातलं काही कळत नाही म्हणून त्या चूकही काढत नाहीत.

पुष्कळ घरांत जी नास्तिकता म्हणून मिरवली जाते ती मुळात दमलेपण असतं. माझीही तशीच आहे, मी लपवत नाही.

आजीचा_डबा | दुपारी १२:०२

प्राजक्त, +१००. गोळ्यांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या पिढीत सगळ्यांनी केलंय ते.

चर्चगल्ली | दुपारी १:१५

दुसऱ्या काठावरून लिहितो.

मी ठाण्यातला ईस्ट इंडियन. घरी मराठी बोलतो, आजी नऊवारी लुगडं नेसायची. तलावपाळीच्या एका बाजूला कौपिनेश्वर, थोडं पलीकडे आमचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. "ईस्ट इंडियन" नावाने गोंधळू नका. आम्ही इथलेच. गोव्याहून, मंगळूरहून नोकरीला आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून आमच्या लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, हे नाव घेतलं.

आणि मीही नास्तिक. एकोणिसाव्या वर्षापासून.

प्राजक्त यांचं वाचून हसू आलं. बेकरीत फोन! आमच्या घरी या. पंधरा डिसेंबरपासून ओटा रिकामा नसतो. कलकल, न्यूऱ्या, मिल्क क्रीम, मार्झिपॅन. कलकलसाठी मैदा, साखर, नारळाचं दूध मळून सुपारीएवढी गोळी घ्यायची, ती कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबत सरकवायची, की शंखासारखी वळी होते. कंगवा त्याच कामाचा, वर्षभर फडक्यात बांधून ठेवलेला. माझ्या आईच्या उजव्या अंगठ्याला डिसेंबरात रेघा पडलेल्या असतात. तुमच्या सासूबाईंना आमच्यातल्या चुका कळत नाहीत. माझ्या मावशीला कळतात. कलकलाच्या रेघा नीट उठल्या नाहीत तर ती बशी उचलून खिडकीपाशी उजेडात नेऊन बघते.

मी सगळं करतो. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला गवत आणतो, चांदणी लावतो, रात्री आईला मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, घेऊन जातो. लाउडस्पीकरचा नियम आल्यापासून बऱ्याच ठिकाणी रात्रीची मिस्सा लवकरच होते, म्हणून झोपेचं निमित्तही राहिलं नाही. गाणी मनापासून गातो. आणि मग कम्युनियन येतं, म्हणजे पुढे जाऊन प्रसादाची भाकर घ्यायची वेळ. आमच्या बाकावरचे सगळे उठतात. मी बसून राहतो, पाय आत ओढून घेतो, म्हणजे त्यांना बाहेर पडता यावं. आई माझ्यासमोरून जाते. वीस वर्षं झाली, दर वेळी जाताना माझ्या गुडघ्याला तिचा हात लागतो. मुद्दाम की तोल सावरायला, मी विचारलं नाही.

आता गंमत बघा. तुमच्या गणपतीत मी शेजाऱ्यांकडे आरतीला झांज वाजवतो. सगळ्या आरत्या पाठ आहेत. मोदक सहा खातो. मला काहीही टोचत नाही, कारण मला तिथे कुणी आस्तिक समजत नाही नि नास्तिकही समजत नाही. मी पाहुणा.

कोलशेतकर, तुम्हाला झाड सोपं जातंय आणि मला मोदक. कारण एकच आहे. झाडासमोर तुम्ही कुणाचे मुलगे नसता.

चहाबाज | दुपारी १:२२

लाह्या खाली ठेवल्या.

विदा_कुठाय | दुपारी १:४०

चर्चगल्ली, तुमच्या प्रतिसादाने माझं सकाळचं पंचांग पार झाकोळलं. बरं झालं.

थोडं अवांतर: आपला "नाताळ" शब्दही पोर्तुगीज नातालवरूनच आला. चावी, बटाटा, पगार हेही तिथलेच. आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठची नारोशंकराची घंटा त्यातलीच. म्हणजे नास्तिकाने तिथे घंटा वाजवली तर ती कुणाला ऐकू गेली, हा प्रश्नच आहे.

नास्तिकबुवा | दुपारी २:०५

कुणालाच नाही. तोच तर मुद्दा.

संस्कृतीरक्षक_०१ | दुपारी २:३०

हिंदू घरांत झाडं कसली लावता? २५ डिसेंबरला तुळशीपूजन करा. फॉरवर्ड आला असेल सगळ्यांना.

आजीचा_डबा | दुपारी २:३८

अहो, तुळशीचं लग्न कार्तिकात लावून झालं. बोरं, चिंचा, आवळे सगळं वाटून झालं. महिन्याभरात तिला पुन्हा बोहल्यावर चढवता होय? जरा संसार करू द्या तिला.

लवंगीमिरची | दुपारी २:४०

वारले!

संस्कृतीरक्षक_०१ | दुपारी २:५५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भीमवाडी | संध्याकाळी ६:२०

सकाळपासून वाचतेय. अजून कुणीच हे लिहिलं नाही याचं थोडं आश्चर्य वाटलं.

२५ डिसेंबर म्हटलं की आमच्या घरी पहिलं आठवतं ते महाड. २५ डिसेंबर १९२७, बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तो दिवस. आमच्या वस्तीत दर वर्षी सभा असते. लहानपणी मला वाटायचं सुट्टी त्याचीच आहे. शाळेत बाईंनी "सुट्टी कशाची?" विचारलं, मी हात वर करून महाड सांगितलं. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण "बरोबर" असंही म्हणाल्या नाहीत.

इथे "नास्तिक असूनही सांस्कृतिक म्हणून सण ठेवावा का" अशी चर्चा चालली आहे. ठेवायचा की सोडायचा हे निवांत बसून ठरवता येणं, हीच एक चैन आहे. माझ्या आजोबांनी १९५६ नंतर देव्हारा उचलला आणि खाडीत सोडला. बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश न मानण्याची. आजी रडली असं सांगतात. तिच्या माहेरची खंडोबाची मूर्ती होती त्यात. पण सोडला तो सोडला, "निदान सजावट तरी" असं काही उरलं नाही.

तर्कटरावांच्या कसोटीबद्दल: बुद्धपौर्णिमेला आम्ही खीर वाटतो. सोसायटीत बत्तीस घरं आहेत. दार उघडणारी सगळी, वाटी परत देताना त्यात काहीतरी घालून देणारी दोन. नाताळात केकचे बारा-चौदा तुकडे येतात. सगळे एकमेकांना केक देतात, ज्यांच्या सणाचा आहे त्यांचं एकही घर बिल्डिंगमध्ये नाही.

माझा मुलगा शाळेत कॅरोल गातो. मी जाते, टाळ्या वाजवते. सकाळी सभा, संध्याकाळी कॅरोल.

तर्कटराव | संध्याकाळी ६:४८

भीमवाडी, बत्तीस घरांचा हिशेब माझ्या पानभर प्रतिसादापेक्षा जड आहे. आणि मी स्वतः ते दार उघडणाऱ्यांतला की वाटीत काही घालणाऱ्यांतला, हे आठवून पाहिलं. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

नास्तिकबुवा | संध्याकाळी ७:१०

भीमवाडींच्या आजोबांना सलाम. मी जे म्हणतोय ते हेच. सोडायचं तर सोडायचं.

भीमवाडी | संध्याकाळी ७:१९

नाही बुवा, हेच नाही. आजोबांनी सोडलं आणि मग सबंध वस्तीबरोबर दुसरं काहीतरी धरलं. एकट्याने कोरडं राहायला त्यांनी देव्हारा सोडला नव्हता. तुम्ही तिळगूळ घेऊन गोड बोलत नाही, ते वेगळं.

चहाबाज | संध्याकाळी ७:२१

बुवांचा त्रिफळा.

वागळे_नाका | रात्री ८:३०

आम्ही काही मित्र २५ डिसेंबरला न्यूटनचा वाढदिवस साजरा करतो. केकवर सफरचंद. नास्तिकांसाठी उत्तम तोडगा.

विदा_कुठाय | रात्री ८:३७

मोडता घालतो, माफ करा. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ही तारीख जुन्या पंचांगाप्रमाणे. आजच्या हिशेबाने ४ जानेवारी १६४३. आणि न्यूटन पक्का देवभोळा. बायबलातल्या भविष्यवाण्यांवर त्याने ढीगभर लिहून ठेवलंय. नास्तिकांनी निवडावा असा हा वाढदिवस नव्हे.

वागळे_नाका | रात्री ८:४१

केक तरी ठेवू द्या हो.

प्राजक्त | रात्री ९:०५

दाभोलकरांच्या अंनिसने सण बंद करा असं म्हटल्याचं मला आठवत नाही. "होळी करा लहान, पोळी करा दान" म्हणायचे. मूर्ती नदीत सोडण्याऐवजी दान करा म्हणायचे. सणातली पोळी ठेवून बाकीचं तपासा, असा तो हिशेब. आणि तिकडे रिचर्ड डॉकिन्ससारखा माणूस स्वतःला "सांस्कृतिक ख्रिस्ती" म्हणवतो, कॅरोल आवडतात म्हणतो. म्हणजे ज्या सुरांत वाढलो ते सुटत नाहीत. पण कोलशेतकर, तुम्ही उलटं केलंत. ज्यात वाढलात ते सोडलंत आणि ज्यात नाही ते धरलंत. मला त्याचं कोडं आहे. मूळ प्रश्न तोच होता ना? आपण केकवरून न्यूटनवर आणि न्यूटनवरून परत केकवर आलो.

आजीचा_डबा | रात्री ९:१२

केकची कृती कुणी मागितली नाही म्हणून दिली नाही. नोंद असावी.

संपादक | रात्री ९:२०

पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. कृपया मूळ विषयावर राहावे. (कृती तिथे टाकून दुवा इथे द्यावा.)

कोलशेतकर | २४ डिसेंबर, रात्री ११:१८

तीन दिवस टंकाळा (टंकायचा कंटाळा) नव्हता, लिहायला तोंड नव्हतं. सगळ्यांचे आभार. चर्चगल्लींचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. भीमवाडींचा एकदाच, दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही. प्राजक्त, मोदक आई वळायची, नंतर आई आणि बायको. मी प्रसाद वाटायचो. माझी नास्तिकता जाहीर झाली तेव्हा बायकोने काही विरोध केला नाही, याचा मी वैचारिक अर्थ लावला होता. काल तिला विचारलं. ती म्हणाली, "कंबर दुखायची रे."

आता घडलेलं सांगतो. परवा संध्याकाळी आईजवळ बसलो. तयारी करून गेलो होतो. म्हटलं, "आई, फरक असा आहे, त्या झाडाकडे काही मागायचं नसतं. नवस नाही, कौल नाही. ते नुसतं उभं असतं. म्हणून मला चालतं."

आई चष्मा पुसत होती. म्हणाली, "मग गणपतीकडे मी कधी काय मागितलं?"

मला खरंच माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षं मी मागे उभा होतो आणि धरून चाललो होतो की पुढची सगळी माणसं काहीतरी मागताहेत. "मग काय करायचीस समोर उभी राहून?" असं विचारलं. तर म्हणे, "तुझे बाबा 'घालीन लोटांगण'ला एकदम वरचा सूर लावायचे आणि त्यांना दम लागायचा. तेव्हा ते माझ्याकडे बघायचे. मी पुढचं उचलायचे."

यावर काय युक्तिवाद करणार? उठून पाणी प्यायला गेलो.

आज संध्याकाळी कामावरून आलो तर झाड बदललेलं. लेक आणि आजीने मिळून माळ्यावरची गणपतीची पेटी उतरवली होती. मखराची सोनेरी झालर, खोट्या मोत्यांच्या दोन माळा, पितळी घुंगरांचं तोरण, सगळं झाडावर. थर्माकोलचं जुनं मखर बंदी आली तेव्हाच गेलं होतं, हे तेवढं उरलं होतं. आई म्हणाली, "पडून पडून काळं पडलं असतं." झाड एका अंगाला वाकलंय, घुंगरांचं वजन पेलत नाही त्याला. खाली इस्त्री ठेवून टेकू दिलाय.

पुढच्या वर्षी गणपतीचं काय, हे आईने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. प्रतिष्ठापना मी करणार नाही, ते नक्की. भावाकडे दीड दिवस राहायला जायचं आणि झांज हातात घ्यायची, इथवर आलोय. वरचा सूर मला लागत नाही.

लवंगीमिरची | रात्री ११:२५

इस्त्रीचा टेकू! फोटो हवाच.

नास्तिकबुवा | रात्री ११:३१

मी अजूनही सहमत नाही. आईंना नमस्कार सांगा.

चर्चगल्ली | रात्री ११:५५

आत्ताच मिस्सेहून आलो. कोलशेतकर, उद्या दुपारी तलावपाळीला याल का? आईने कलकलचा एक डबा तुमच्या घरासाठी बाजूला काढलाय. आमच्यात पिठात अंडं घालतात. तुमच्या आईंना चालतं का?

कोलशेतकर | रात्री ११:५८

अंडं नाही चालत. गुरुवार आहे उद्या.

चर्चगल्ली | २५ डिसेंबर, रात्री १२:०४

मग बिनअंड्याचे वेगळे तळायला सांगतो सकाळी. डबा मात्र परत आणून द्या, गेल्या वर्षी वाटलेल्यांतले तीन अजून आलेले नाहीत, आई रोज मोजते.

चहाबाज | रात्री १२:०६

त्यातला एक माझ्याकडे आहे. आणतो.